पहाटे तीनचा फोन आणि आईच्या दंडावरचा सेन्सर

नमस्कार सिस्टर,

माझी आई ७२ वर्षांची. बाबा गेल्यापासून वाईला एकटी राहते. १९ वर्षांचा मधुमेह आहे. सकाळ-संध्याकाळ मिक्स इन्सुलिन आणि सकाळी ग्लिमेपिराइडची गोळी चालू आहे. मी पुण्यात, भाऊ न्यू जर्सीत. जूनमध्ये एका संध्याकाळी शेजारच्या काकू दूध द्यायला गेल्या, तर आई स्वयंपाकघरात ओट्याला टेकून खाली बसलेली, घामाने भिजलेली, बोलणं असंबद्ध. काकूंनी साखरेचं पाणी पाजलं म्हणून निभावलं. संकष्टी होती, त्यामुळे त्या थोड्या लवकर आल्या होत्या, एवढंच नशीब.

त्यानंतर भावाने हट्टाने तिच्या दंडावर शुगरचा सेन्सर लावायला लावला. पंधरवड्याला एक, खर्च तोच करतो. आकडे आईच्या फोनवर येतात, तिथून माझ्या आणि त्याच्या. गणपतीत आईने दोन उकडीचे मोदक खाल्ले. पाऊण तासात २४३ दिसले आणि भावाचा फोन आला, “आई, काय खाल्लंस?” घरात पाहुणे होते. आई काही बोलली नाही, आत जाऊन रडली. मग गेल्या आठवड्यात पहाटे तीनला माझ्या फोनवर ५८चा अलार्म वाजला. आई फोन उचलेना. मी काकूंना उठवलं, काकांनी मागच्या दाराने आत जाऊन पाहिलं. आई शांत झोपलेली. बोट टोचून बघितलं तर ११२! सकाळी तिने सेन्सर ओढून काढला आणि देवघराच्या खणात टाकला. म्हणते, “माझ्या दंडावर पोलीस बसवलाय तुम्ही.” वर ब्लाउज काढताना तो अडकतो, हळदीकुंकवाला बायका विचारतात, हेही आहेच.

भाऊ म्हणतो, पुन्हा लावायलाच लाव. नाही तर तो शुगर दाखवणारी अंगठी पाठवणार आहे, नाही तर त्वचेखाली बसवायचा सेन्सर बघू म्हणतो. मी आईवर जबरदस्ती करू का? आणि खोटे आकडे दाखवणाऱ्या वस्तूवर भरवसा तरी कसा ठेवायचा?

— एक लेक, पुणे

प्रिय लेकी,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना एका शब्दाशी थांबले, त्याच्याकडे मागाहून येते. आधी त्या रात्रीचं बोलू, कारण तुमचा विश्वास तिथे तुटलाय.

सेन्सर रक्तातली साखर मोजत नाही. त्याची केसासारखी बारीक तार त्वचेखाली जेमतेम अर्धा सेंटीमीटर जाते आणि तिथे पेशींच्या मध्ये जो द्रव असतो त्यातली साखर मोजते. रक्तातली साखर त्या द्रवात पोचायला वेळ लागतो, साधारण पाच ते पंधरा मिनिटं. साखर स्थिर असेल तेव्हा फरक जाणवत नाही. ती भराभर चढत किंवा उतरत असेल तेव्हा सेन्सर मागे राहतो.

आता आई कुठल्या कुशीवर झोपते ते आठवा. सेन्सर ज्या दंडाला होता त्याच कुशीवर ती झोपली असेल, तर अंगाच्या भाराने तिथलं रक्त आणि तो द्रव दबतो, तारेपर्यंत साखर पोचत नाही आणि आकडा खाली येतो. बाकीच्या शरीरात साखर व्यवस्थित असते. सेन्सर वापरणाऱ्यांना हा अनुभव अगदी नेहमीचा आहे. त्या रात्रीचा आलेख तुमच्या ॲपमध्ये अजून असेल, उघडून बघा. खरी लो, म्हणजे साखर धोक्याइतकी उतरणं, बहुतेक वेळा उतारावरून आल्यासारखी येते. दाबामुळे आलेली लो कड्यावरून पडल्यासारखी पडते, आणि कूस बदलली की तशीच झटक्यात वर येते. काकांनी आईला उठवून बसवल्यावर दहा-पंधरा मिनिटांत आकडा आपोआप शंभराच्या पुढे गेलेला दिसला, तर झालं काय ते तुम्हाला कळेल.

म्हणून ती वस्तू खोटी ठरत नाही. पण तुम्हाला सेन्सर देताना हे कुणी सांगितलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं. दुकानदार तो लावून देतो, ॲप उतरवून देतो, आणि पहिल्याच महिन्यात पहाटे तीनला एक लेक घाबरून अर्धमेली होते. नियम एकच पाठ करा आणि आईलाही शिकवा: आकडा आणि अंग जुळत नसेल तर बोट टोचायचं. सेन्सर ५८ म्हणतोय आणि ती ठणठणीत आहे, तर टोचा. सेन्सर १२० म्हणतोय आणि ती घामाघूम आहे, तर तेव्हाही टोचा. ही दुसरी बाजू जास्त महत्त्वाची आहे. नवा सेन्सर लावल्यावर पहिला दिवसभर आकडे जरा इकडेतिकडे असतात, तेव्हाही ग्लुकोमीटर जवळ ठेवा. आणि आई व्हिटॅमिन सीच्या गोळ्या चघळत असेल तर बघा. दिवसाला ५०० मिलिग्रॅमच्या वर गेलं तर काही सेन्सर साखर आहे त्यापेक्षा जास्त दाखवतात, आणि मग खरी लो झाकली जाते.

आता तुम्ही विचाराल, एवढं सगळं सांभाळायचं तर हवा कशाला तो?

मी १९८२ साली सरकारी रुग्णालयात लागले तेव्हा वॉर्डात साखर लघवीत बघायचो. परीक्षानळीत निळं बेनेडिक्ट द्रावण पाच मिली, त्यात लघवीचे आठ थेंब, आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. हिरवं झालं तर थोडी, पिवळं झालं तर जास्त, विटकरी झालं तर खूप. पण रक्तात साधारण १८०च्या पुढे गेल्याशिवाय साखर लघवीत उतरतच नाही. त्यामुळे साखर १५० असो की ४०, नळी निळीच राहायची. लो मोजायला आमच्याकडे काही नव्हतं. एका रात्री टॉर्च घेऊन राऊंडला गेले तर खिडकीकडच्या खाटेवरच्या आजींच्या उशीचा अभ्रा ओला दिसला. पंखा चालू, थंडीचे दिवस, आणि अभ्रा पिळता येईल इतका ओला. हात धरला तर गार, चिकट. हाक मारली तर नुसती मान हलली. संध्याकाळची नळी निळी होती, चार्टवर ‘साखर नाही’ असं माझ्याच अक्षरात लिहिलेलं. डॉक्टरांना बोलावलं, शिरेतून २५ टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं द्रावण, दिलं. थोड्या वेळाने आजींनी डोळे उघडले आणि विचारलं, “चहा आला का गं?”

तो अभ्रा माझ्या नजरेला पडला नसता तर? हा प्रश्न मला पुढे सगळ्या नोकरीत पुरला. म्हणून आज दंडावरची दोन रुपयांच्या नाण्याएवढी चकती एकट्या राहणाऱ्या बाईला झोपेत सांगते की साखर खाली चालली आहे, तेव्हा मी तिला साधी म्हणूच शकत नाही. तुमच्या आईला ती हवी. वय ७२, १९ वर्षं मधुमेह, इन्सुलिनवर, एकटी, आणि एकदा बेशुद्धीच्या दारातून परत आलेली. इतक्या जुन्या मधुमेहात लोची आधीची लक्षणं, हातपाय थरथरणं, छाती धडधडणं, बोथट होत जातात. माणसाला कळेपर्यंत बोलायची ताकद गेलेली असते. तुमच्या आईचं जूनमध्ये हेच झालं असणार.

आणि आता तो शब्द. संकष्टी.

तुम्ही तो ओघात लिहिलाय, काकू लवकर का आल्या ते सांगायला. पण मला वाटतं तुमच्या सगळ्या प्रश्नाची गाठ तिथे आहे. आईने त्या दिवशी काय केलं असेल ते मी इथे बसून सांगू शकते, कारण अशा शेकडो आया मी पाहिल्यात. सकाळी नेहमीच्या युनिटचं इन्सुलिन घेतलं, कारण डॉक्टरांनी ‘चुकवायचं नाही’ असं बजावलेलं. गोळीही घेतली. खाल्लं काय, तर वाटीभर साबुदाण्याची खिचडी किंवा नुसतं दूध-केळं. आणि मग चंद्रोदयापर्यंत, म्हणजे रात्री नवाच्या आसपासपर्यंत, काही नाही. मिक्स इन्सुलिनमधला लांब चालणारा भाग दुपारभर काम करतो. त्याला जेवणाशी गाठ पडेल असं धरून डोस ठरवलेला असतो. जेवण आलंच नाही, वर ग्लिमेपिराइड तेच काम करतंय. दोघं मिळून साखर खाली ढकलतात. संध्याकाळी सहाला ती ओट्याला टेकली यात नवल नाही.

तेव्हा सेन्सरकडून मला काय हवंय, तर आईचा पंधरा दिवसांचा आलेख, ज्यात एक संकष्टी आणि एक एकादशी येईल. तो छापून घ्या आणि डॉक्टरांसमोर ठेवा. विचारा, उपवासाच्या दिवशी सकाळचा डोस किती कमी करायचा, गोळी घ्यायची की नाही, आणि या वयात इन्सुलिनबरोबर ही गोळी लागतेच का? क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची रक्ततपासणी, कधी पाहिलं होतं तेही विचारा. वयाबरोबर मूत्रपिंडं मंदावली की ही औषधं अंगात जास्त वेळ रेंगाळतात. डोस डॉक्टरच बदलतील, तुम्ही नाही, आई तर नाहीच. पण डॉक्टरांना आजवर दिसत आलंय ते उपाशीपोटीचं एक रीडिंग, जेवणानंतरचं एक, आणि तीन महिन्यांचं एचबीएवनसी. एचबीएवनसी ही सरासरी. दुपारची २४० आणि संध्याकाळची ५० मिळून सरासरी छान दिसते. संकष्टीची संध्याकाळ त्यात कुणालाच दिसलेली नाही. सेन्सर ती दाखवेल. आणि डोस नीट बसला की अलार्म वाजायची वेळच कमी येईल.

उपवास सोड, असं मात्र आईला सांगायला जाऊ नका. ती सोडणार नाही, फक्त तुमच्यापासून लपवेल. मग तुमच्या फोनवरच्या आकड्याचं कारण तुम्हाला कधीच कळणार नाही.

आता पोलिसाचं बोलू. आईचा तो शब्द मला खरा वाटला.

असे सेन्सर अमेरिकेत १९९९ मध्ये पहिल्यांदा मान्य झाले, तेव्हा आकडे रुग्णालाही दिसत नसत. तीन दिवस यंत्र लावायचं, मग दवाखान्यात जाऊन ते उतरवायचं, आणि डॉक्टर बघणार. पुढे आकडे रुग्णाच्या हातात आले. दूरच्या माणसाला ते बघता येण्याची सोय त्यानंतरची, आणि ती कुणी कशासाठी केली ते ऐकण्यासारखं आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या जॉन कॉस्टिक नावाच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरच्या चार वर्षांच्या मुलाला टाइप वन मधुमेह झाला. मुलगा शाळेत असताना त्याची साखर आपल्याला ऑफिसात दिसावी म्हणून २०१३ मध्ये बापाने स्वतः प्रोग्रॅम लिहून सेन्सरचे आकडे इंटरनेटवर चढवले. त्याचं बघून जगभरचे आईबाप ते वापरू लागले. कंपन्यांची अशी ॲपं त्यानंतर आली. म्हणजे तुमचा भाऊ जे आज बघतोय, ती खिडकी एका चार वर्षांच्या लेकरासाठी उघडली गेली होती, ज्याला ‘मला गरगरतंय’ एवढंही धड सांगता येत नव्हतं.

तुमची आई चार वर्षांची नाही. तिने दोन मुलं वाढवली, नवऱ्याचं आजारपण काढलं, आणि आज वाईत घर चालवते. तिच्या अंगातून निघालेला प्रत्येक आकडा लेकराच्या आकड्यासारखा दोघांना दिसतो, आणि त्यावर तिला जाब विचारला जातो, तोही पाहुण्यांसमोर. तुमच्या भावाची माया मी समजते. त्याचा दिवस म्हणजे आईची रात्र. तो ऑफिसात बसून तिची झोप बघतो. इतक्या लांबून करता येण्यासारखं त्याच्या हातात तेवढंच आहे. पण मोदकाचे २४३ ही आणीबाणी नव्हती. दोन मोदक खाल्ले की साखर चढते आणि तासा-दोन तासांत उतरू लागते. त्या फोनने साखर एका अंकानेही खाली आली नाही. आई मात्र जेवणाच्या पानावर एकटी पडली.

या वयाच्या, लोचा धोका असलेल्या माणसांसाठी तज्ज्ञांनी २०१९ मध्ये एकमताने जी मर्यादा सुचवली आहे ती भावाला वाचून दाखवा. दिवसातला निम्म्याहून जास्त वेळ साखर ७० ते १८० मध्ये असली तरी पुरे. २५० च्या वर दहा टक्क्यांहून कमी वेळ. पण ७०च्या खाली मात्र एक टक्क्याहून कमी, म्हणजे दिवसाला पाव तासही नको. बघा, वर किती ढील आहे आणि खाली किती कडक. तुम्ही दोघं उलटं करत होता, वरच्या आकड्यावर पहारा देत होता. तिच्या जिवाला धोका खालच्या आकड्याचा आहे.

म्हणून माझं उत्तर असं: सेन्सर पुन्हा लावा, पण आईच्या अटींवर. जबरदस्ती करू नका. ती तुमच्या हातून लावून घेईल आणि तुमची गाडी खंबाटकी घाट ओलांडायच्या आत काढून टाकेल, हे तुम्हालाही माहीत आहे.

रविवारी वाईला जा. फोनवर हे बोलणं होणार नाही. आधी माफी मागा, मोदकाची आणि पहाटेच्या गोंधळाची, दोन्हींची. मग सांगा, “आई, आकडे तुझे आहेत. कुणाला दाखवायचे ते तू ठरव.” हे नुसतं बोलायला नको. बहुधा ॲपचं खातं भावाने त्याच्या ईमेलवर उघडलंय. ते बंद करून आईच्या नावाने, तिच्या फोनवर नवं उघडा. कुणाला बघू द्यायचं आणि कुणाला काढायचं ते बटण तिला दाखवा, तिच्याकडून एकदा दाबून घ्या. बघणाऱ्याच्या ॲपमध्ये अलार्म वेगळे ठरवता येतात. तुमच्या फोनवर फक्त लोचा ठेवा, ७०चा. हायचा बंद. भावाच्या फोनवर, आईची इच्छा असेल तर, तोही फक्त लोचा. आणि त्याला एक काम द्या, कारण माया रिकामी बसली की फोन करते. दर पंधरा दिवसांनी आलेख उतरवून डॉक्टरांसाठी छापायला पाठवणं हे त्याचं. आईला त्याचा फोन रविवारी येऊ दे, आणि त्या फोनवर साखर हा शब्द नको.

खरा अलार्म आला तर काय करायचं हे तिघांनी आणि काकूंनी आधी ठरवून ठेवा. आई जागी असेल, गिळता येत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात, किंवा तेवढीच ग्लुकोज पावडर. पेढा नको, चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धांशाने साखर रक्तात उशिरा पोचते. मग १५ मिनिटं थांबायचं आणि बोट टोचून बघायचं. सेन्सरकडे बघू नका. मघाशी म्हटलं तसा तो मागे असतो, साखर वर आलेली असली तरी आणखी दहा मिनिटं तो खालीच दाखवेल आणि घाबरून तुम्ही तिला वाटीभर साखर चाराल. बोटाचा आकडा अजून ७०च्या खाली असेल तर पुन्हा तेच. शुद्धीत नसेल, गिळता येत नसेल, तर तोंडात काहीही घालायचं नाही. कुशीवर वळवायचं आणि १०८ला फोन. मागच्या दाराची एक किल्ली काकूंकडे आईच्या हातूनच द्या.

एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. आईचा फोन रात्री कुठे असतो? वाईच्या घरात चार्जिंगचा पॉइंट स्वयंपाकघरात असेल तर फोन तिथे आणि आई खोलीत. सेन्सर ब्लूटूथवर चालतो, त्याची पोच जेमतेम सहा-सात मीटर, मध्ये भिंत आली की आणखी कमी. माणसाचं अंग म्हणजे बरंचसं पाणी, त्यातूनही या लहरी नीट जात नाहीत. म्हणजे दंड गादीत दबला तर आकडा चुकतो, आणि फोन लांब असला तर आकडा पोचतच नाही. मग तुमच्या फोनवर रेघ तुटलेली दिसते. त्या तुटलेल्या रेघेला घाबरू नका, ती लो नव्हे. काही तासांच्या नोंदी सेन्सर स्वतःकडे ठेवतो, फोन जवळ आला की भरून निघतात. पण हेही लक्षात घ्या की वीज गेली, वायफाय बंद पडलं, तर ही साखळी कुठेही तुटू शकते. पुण्यातला अलार्म हा शेवटचा आधार. पहिला अलार्म आईच्या उशाशीच वाजला पाहिजे, तेव्हा उशाजवळ एक चार्जिंगचा पॉइंट करून घ्या आणि आवाज मोठा ठेवा.

भावाच्या अंगठीबद्दल स्पष्ट सांगते: घेऊ नका. त्वचेला न टोचता साखर मोजणारं एकही घड्याळ किंवा अंगठी मान्य केलेली नाही, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला. सेन्सरचे आकडे नुसते दाखवणारं घड्याळ वेगळं, आणि स्वतः साखर मोजतो म्हणणारं वेगळं. इन्सुलिन घेणाऱ्या माणसाने अशा खोट्या आकड्यावर डोस ठरवला तर जीव जाऊ शकतो. भावाने प्रेमाने पाठवली तरी तिला घरात ठेवू नका.

त्वचेखालचा सेन्सर खरा आहे. डॉक्टर दंडाला छोटी चीर देऊन एक बारीक कुपी आत बसवतात. वर्षभर चालणारा असा सेन्सर २०२४ मध्ये अमेरिकेत मान्य झाला. पण त्याच्यावर, त्वचेला चिकटवून, आकडे पाठवणारा एक ट्रान्समीटर लावावाच लागतो, आणि बोट टोचून ताळा अधूनमधून करावाच लागतो. म्हणजे दंडावर काहीतरी राहतंच. हळदीकुंकवाच्या बायका मग त्याबद्दल विचारतील. आईचा त्रास त्याने सुटत नाही.

माझ्या भावाला पेसमेकर आहे. त्याच्या पलंगाशेजारी एक लहान पेटी असते, रात्री तो झोपला की ती पेसमेकरची माहिती घेऊन रुग्णालयात पाठवते. तिथले लोक ती बघतात, काही वावगं दिसलं तर बोलावतात. घरात कुणाच्याही फोनवर त्याच्या छातीचे ठोके येत नाहीत, आणि वहिनी निवांत झोपते. मधुमेहाचं तसं नाही हे मला कळतं, लोला तिथल्या तिथे साखर लागते. पण आकडा कुणाकडे जावा, तर तो बघून ज्याला काही करता येतं त्याच्याकडे, ही त्या पेटीची रीत मला पटते. रात्रीच्या लोला करता येण्यासारखं काकूंच्या हातात आहे, डोसचं डॉक्टरांच्या हातात. न्यू जर्सीतून मोदकाचं काहीच करता येत नाही.

राहिला ब्लाउज. हसू नका, कित्येक बायका सेन्सर याच्यापायी सोडतात. मी स्वतः एकदा १४ दिवस लावून पाहिला होता, तेव्हा तिसऱ्याच दिवशी ओल्या ब्लाउजची बाही उतरवताना चिकटपट्टी अर्धी उचकटली. तुमच्या आईच्या बाह्या कोपरापर्यंतच्या असतील तर शिंप्याकडून त्या बाहीची शिवण एक बोटभर सैल करून घ्या. ब्लाउज काढताना आधी मोकळा हात बाहेर काढायचा, मग सेन्सरचा, बाही चकतीपाशी तळहाताने उचलून धरून. लावताना दंडाच्या मागच्या बाजूला, जिथे चिमटीत मांस येतं तिथे लावा. त्वचा साबणाने धुऊन पूर्ण कोरडी करा, तेल तर अजिबात नको. आणि दंड कुठला? आई ज्या कुशीवर झोपत नाही तो. तिलाच विचारा, ती सांगेल.

बायकांनी विचारलं तर काय सांगायचं हे तिचं तिने ठरवावं. माझ्या ओळखीच्या एक बाई ठणकावून सांगतात, “शुगरचं यंत्र आहे, तुझी कितीय?” आणि मग ओसरीवर सगळ्या आपापल्या शुगरचं बोलत बसतात.

देवघरातल्या खणातला तो काढलेला सेन्सर पुन्हा चिकटवायला जाऊ नका, एकदा निघाला की तो संपला. रविवारी जाताना नवा घेऊन जा, आणि कालनिर्णयात पुढची संकष्टी बघून तिच्या आधीची डॉक्टरांची वेळ आजच घ्या, म्हणजे त्या दिवसाचा डोस आधी ठरेल; आलेख संकष्टीनंतर दाखवा.

तुमची,
सिस्टर